दुबार अर्ज

१० जून २०१८, रविवार

सकाळच्या एसटीने नांदेड सोडलं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारी लातूरला उतरले. सामान म्हणजे एक पेटी, एक वळकटी आणि पिशवीभर पुस्तकं. ऑटोवाल्याने हॉस्टेलचं नाव ऐकताच विचारलं, पोरगी कोणत्या क्लासला हाय? मी सांगितलं की पोरगी नाही, मीच राहायला आले आहे. तो म्हणाला, या वयात डॉक्टरकीची तयारी म्हणजे कमाल हाय मॅडम. मला हसू आलं. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच.

हॉस्टेल तीन मजली आहे, नवं, पिस्ता रंगाचं. गल्लीत क्लास, अभ्यासिका, झेरॉक्स आणि मेस याशिवाय दुसरं काही नाही. भिंतींवर नंबर आलेल्या मुलामुलींचे मोठे फोटो. मालक उद्धवराव स्वतः दारात उभे होते. पूर्वी केमिस्ट्री शिकवायचे, अजूनही फळ्यासमोर असल्यासारखं बोलतात. त्यांनी किल्ल्या दिल्या, मुलींची ओळख करून दिली आणि सांगितलं की रेक्टर म्हणून कडक राहा, पण आईची उणीव भासू देऊ नका. प्रयत्न करते म्हटलं. मला ते फारसं जमत नाही.

माझी खोली तळमजल्यावर, खिडकीबाहेर लिंबाचं झाड. आधी छत पाहिलं. स्लॅब आहे, दगड-माती नाही. आमच्या भागातली माणसं कुठेही गेली तरी आधी वर बघतात.

स्वयंपाकाला साखराबाई आहेत, शिरूर अनंतपाळच्या. माझा हात धरून म्हणाल्या, नुसती हाडं हाईत बाई, इथं हाय तवर पोटभर खाऊन घ्या. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. खरंच पोटभर जेवले. उद्धवरावांनी क्लासची जाहिरात छापलेली ही डायरी दिली. नांदेडच्या शाळेतल्या ग्रंथालयात इतकी वर्षं काढली, पण स्वतःचं असं कधी काही लिहिलं नव्हतं. इथे बरं वाटतंय.

१३ जून, बुधवार

कामाची घडी बसली. सकाळी दारातल्या यंत्रावर अंगठा लावायचा, यंत्र बाईच्या आवाजात हजेरी नोंदली म्हणतं. मग मुली क्लासला जातात, दुपारी जेवायला येतात, पुन्हा जातात. बहुतेक सोळा-सतरा वर्षांच्या. चाकूरची ऋतुजा माझ्या खोलीत सारखी येते. तिचं तोंड बंद नसतं. माझा साधा मोबाइल पाहून म्हणाली, मॅडम, ह्यो तर पुरातत्त्व खात्याला द्या.

उद्धवरावांनी आज अवघड विषय काढला. पुढच्या वर्षापासून रेक्टर पदवीधर लागणार आहे. माझं बी.ए. दुसऱ्या वर्षातच सुटलं होतं. ते म्हणाले की विद्यापीठात बाहेरून प्रवेश घ्या, अर्ज ऑनलाइन असतो, प्रवेश झाल्याचा कागद दाखवला तरी तुमची जागा पक्की करतो. ही नोकरी गेली तर मला जायला घर नाही. नांदेडची खोली सोडून आले आहे.

ऋतुजाने तिच्या मोबाइलवर अर्ज भरून दिला. माझा नवा फोटोही तिनेच काढला. हसा की मॅडम, लग्नाचा न्हाई, फॉर्मचा हाय, असं म्हणत होती. शेवटी हिरव्या पट्टीत अक्षरं आली. अर्ज प्राप्त झाला. अर्जाची स्थिती कुठे बघायची तेही तिने शिकवलं.

१७ जून, रविवार

मुली मला जगदेवी मॅडम म्हणतात. दिवसभर ते नाव कानावर पडतं. नांदेडला सगळे हत्तरगेबाई म्हणत, त्यामुळे इतकं जाणवलं नव्हतं. अप्पा होते तोवर खरी गोष्ट माहीत असलेली दोन माणसं होती. आता मी एकटी. म्हणून एकदा लिहून ठेवते.

जगदेवी माझं नाव नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचं. मी नीला.

आमचं गाव औसा तालुक्यात. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा अक्का सोळा वर्षांची होती, मी चौदाची. अक्का नुकतीच दहावी पास झाली होती. तिला खूप शिकायचं होतं, विद्यापीठात जायचं होतं. मी नववीत, गणितात कच्ची. आई आणि अक्का माजघरात झोपल्या होत्या. अप्पा आणि मी अंगणात होतो, म्हणून वाचलो. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. पण तेव्हा इतकी माणसं होती की जवानांनी सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. अक्काला स्वतःची अशी जागा मिळाली नाही.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये एक साहेब यादी करायला आले. अप्पांना विचारलं, कोण कोण गेलं? आईचं झालं. मग मुलीचं नाव विचारलं. अप्पा म्हणाले, थोरली. साहेब म्हणाले, नाव सांगा, नाव.

आमच्याकडे बाप थोरल्या लेकराचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. अप्पांनी जन्मात कधी जगदेवी म्हटलं नव्हतं. आणि त्या दिवशी, सगळं संपलेलं असतानासुद्धा, त्यांच्या तोंडून ते निघेना. मी मागे उभी होते. नाव मी सांगावं म्हणून त्यांनी मला हाक मारली. नीला. एवढंच म्हणाले. साहेबांनी लिहिलं, नीलाबाई, मयत. आणि पुढच्या माणसाकडे वळले.

अप्पांना ते समजायला दोन दिवस लागले. तोवर यादी गेली होती. हयात, जगदेवी. नव्या शाळेने जगदेवी दहावी पास म्हणून मला अकरावीला बसवलं. कोणाला सांगावं ते अप्पांना कळलं नाही, आणि नंतर सांगायची वेळ निघून गेली. गावातली माहितीची माणसंही उरली नव्हती. त्यानंतर अप्पांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. चोवीस वर्षं फक्त अगं.

२३ जून, शनिवार

स्थिती : छाननी सुरू.

रोज दुपारी मुली गेल्या की बघते. मला वाटलं नव्हतं की यात इतका जीव गुंतेल. नवा मोबाइल घेतला. ऋतुजाने पानाला खूण करून दिली आहे. कोणीतरी कुठेतरी आपला कागद हातात घेतलाय, एवढं वाटूनही बरं वाटतं. साखराबाई म्हणाल्या, तुमी तर निकालाच्या पोरीवानी करायलाव.

पाऊस नाही. टँकर एक दिवसाआड येतो. मुली त्यावरून भांडतात आणि लगेच एकत्र बसून अभ्यास करतात.

२ जुलै, सोमवार

आज पट्टी लाल झाली. त्रुटी. खाली लिहिलं होतं की या नावाचा, जन्मतारखेचा व दहावीच्या बैठक क्रमांकाचा अर्ज आधीच दाखल आहे. आपला अर्ज दुबार आहे.

ऋतुजा म्हणाली, मॅडम, घाईत दोनदा बटण दाबलं असंल, आमच्या वर्गात निम्म्या पोरींचं असंच झालंय. पण बटण तिनेच दाबलं होतं, एकदाच. मी तेव्हा शेजारी बसले होते.

५ जुलै, गुरुवार

मदत केंद्राला फोन लावला. मुलगा सभ्य होता. त्याने क्रमांक घेतला आणि विचारलं की मॅडम, सकाळी तुम्हीच फोन केला होता ना? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, आवाज तर तोच आहे. मग म्हणाला की पूर्वीचा अर्ज मूळ धरला जातो, तुमचा दुबार. एकाच माणसाचे दोन चालत नाहीत, एक मागे घ्यावा लागेल किंवा हरकत नोंदवावी लागेल. हरकत नोंदवली तर तपासात खोटा ठरेल तो अर्ज कायमचा काढून टाकतात. विचार करून कळवा म्हणाला.

अक्काचा आणि माझा आवाज सारखा होता. आई आतून हाक मारायची तेव्हा कोणी ओ दिली ते तिला कळत नसे.

संध्याकाळी ऋतुजाला पूर्वीचा अर्ज उघडायला लावला. नाव : जगदेवी चन्नबसप्पा हत्तरगे. पत्त्यात आमचं जुनं गाव आणि जुना घर नंबर. त्या जागी आता बाभळी आहेत. पत्त्यावर पत्र जाईल असं तिथे काही नाही. अर्जाच्या तारखेचा रकाना कोरा, फोटोची चौकट कोरी.

माझ्या कागदांवर सगळीकडे पुनर्वसनातल्या नव्या गावाचा पत्ता आहे. जुना घर नंबर मलाही आठवत नव्हता. वाचल्यावर आठवला.

९ जुलै, सोमवार

फोटो आला आहे.

ऋतुजा ओरडत खोलीत आली. म्हणाली, मॅडम, तुमचा जुना फोटो लई भारी, दोन वेण्या, रिबिनी, आणि तवा हसत होता की तुमी. मी मोबाइल तिच्या हातातून घेतला. घेताना माझा हात तिला लागला असावा, ती मनगट चोळत मागे सरली.

अक्का आहे.

अक्काचा एकही फोटो उरला नव्हता. पेटी, भिंतीवरच्या तसबिरी, सगळं ढिगाऱ्यात गेलं. गेली काही वर्षं मला तिचा चेहराही नीट आठवत नव्हता. नाक आठवलं तर डोळे जायचे. आज सगळं एकदम समोर आलं. हनुवटीवर खरचटल्याची खूण आहे. ती आमच्या अंगणातल्या रांजणावर पडली होती त्याची. हे कोणी बनवू शकत नाही, कारण हे कोणाला माहीतच नाही.

मला भीती वाटायला हवी होती. मी दुपारभर रडले आणि पुन्हा पुन्हा ते पान उघडलं. बंद केलं की वाटायचं, आता परत येणार नाही. पण प्रत्येक वेळी होती.

१४ जुलै, शनिवार

सकाळी अंगठा लावला. यंत्र म्हणालं, हजेरी आधीच नोंदली आहे. पुन्हा लावला. तेच. मग चहाला गेले तर साखराबाई म्हणाल्या, मगाशीच नेला की तुमी चहा, कप सुदिक विसळून ठिवला. मी म्हटलं, मी आत्ताच उठले. त्या हसल्या. विसरभोळ्या व्हायला लागल्या मॅडम, लातूरचं पानी लागलं.

पालथा घातलेला कप अजून ओला होता.

मूळ अर्जाची स्थिती : कागदपत्रे तपासली. माझ्या अर्जावर अजून लाल पट्टी.

१९ जुलै, गुरुवार

दुपारी ऋतुजा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी माझ्यासमोर आल्या. तिघींच्या छान घट्ट वेण्या. म्हणाल्या की मॅडम, उद्यापन घालून द्याल का? मला समजेना. मग ऋतुजाच हसली. म्हणाली की उद्या पन, उद्या पन घालून द्याल का, असं म्हणत होतो. काल गच्चीवर तुम्ही वेण्या घालून दिल्या, गोष्टी सांगितल्या, लई हसवलं. आम्ही आपसांत म्हटलं, मॅडम आतून अशा हाईत होय.

काल दुपारी मी बँकेत होते.

बघू म्हटलं. तिघी इतक्या खूश होत्या. मी इथे आल्यापासून एकाही मुलीच्या डोक्यावरून हात फिरवलेला नाही. अक्का कोणालाही जवळ घ्यायची. रस्त्यावरचं पोर असलं तरी.

२५ जुलै, बुधवार

माझ्या अर्जावर नवी सूचना आली.

मूळ अर्जदाराचा हयातीचा दाखला स्वीकृत. दुबार अर्जदाराने हयातीचा दाखला सादर करावा. अन्यथा विहित मुदतीत अर्ज मागे घ्यावा.

तीनदा वाचलं. मग दाखला काढायला जायचं ठरवलं. पदर खोचला, चप्पल घातली आणि दारात थांबले. कोणत्या नावाने काढू? जगदेवी हयात असल्याचा दाखला तर दिला गेला आहे. नीलाबाईचा कोण देणार? तिचं नाव मयतांच्या यादीत आहे.

चप्पल काढून ठेवली.

३१ जुलै, मंगळवार

हरकत नोंदवायचं पान उघडलं होतं. पूर्वीचा अर्ज खोटा आहे असं लिहून देता का, अशी खूण करायची चौकट आहे. खूण केली तर तो अर्ज जाईल. फोटोही जाईल. आणि खोटा कसा म्हणू? नाव तिचं. दहावीचे गुण तिचे. खोटी मी आहे.

आणि नाही नोंदवली तर माझा अर्ज जाईल. मग ही खोली, ही नोकरी. मग मी कोण म्हणून कुठे जाणार?

उद्धवरावांकडे गेले. सगळं सांगावं असं ठरवून गेले होते. त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले की काल तुम्ही सांगितलंत ते लक्षात आहे, विद्यापीठाचं होत आलंय ना, उत्तम. आणि मॅडम, एक बोलू का, तुम्ही सुरुवातीला फार अलिप्त वाटायच्या. आता मुली तुमचं नाव काढतात.

मी आभार मानून परत आले. कोणाच्या वतीने मानले कुणास ठाऊक.

३ ऑगस्ट

अप्पांचे शेवटचे दिवस आठवत आहेत. बोलणं बंद झालं होतं. मी पाणी पाजत होते आणि ते माझ्याकडे न बघता दाराकडे बघत होते. मग स्पष्ट म्हणाले, जगदेवी. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, मलाच म्हणाले. जगासाठी मीच जगदेवी, म्हणून शेवटी त्यांनीही मान्य केलं, असं मी मनाला सांगितलं. त्यावर रडलेही होते.

पण ते दाराकडे बघून म्हणाले होते.

थोरल्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मेलेल्याचं घेतलं तर काय होतं, ते कोणी सांगितलेलं नाही.

६ ऑगस्ट

मूळ अर्जाची स्थिती : जागा देण्यात आली आहे.

एवढंच. किती वेळ बघत बसले. अक्काला जागा मिळाली. मनापासून आनंद झाला, हे लिहून ठेवते. मग माझा अर्ज उघडला, पट्टी अजून लालच.

अंगठा आता यंत्र घेतच नाही. आधीच हजर असंही म्हणत नाही. काहीच म्हणत नाही.

९ ऑगस्ट

जेवायला बसले. साखराबाई वाढत वाढत आल्या आणि मला सोडून पुढे गेल्या. मी ताट पुढे केलं. त्या थांबल्या. ओळख आठवत असल्यासारख्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, अगं, तुला वाढलं न्हाई व्हय.

अगं म्हणाल्या. मॅडम नाही. तुम्ही नाही.

ताट तसंच सरकवून उठले.

११ ऑगस्ट

पंचमीची सुट्टी. सकाळपासून आईबाप पोरींना न्यायला येत होते. बॅगा, बादल्या, गाद्या. मी जिन्याजवळ उभी होते. ऋतुजा बॅग ओढत खाली आली. तिला काहीतरी म्हणावं म्हणून पुढे झाले. तिने वाट दिली. नमस्कार करून म्हणाली, मावशी, कोणाला न्यायला आलाव? नाव सांगा, वरून हाक मारते.

मला नाव सांगता आलं नाही.

ती वडिलांच्या गाडीवर बसली. मागे वळून हात हलवला. माझ्याकडे नाही. माझ्या खोलीच्या खिडकीकडे. ओरडली, येते हं मॅडम, पंचमी झाली की लगेच येते.

मी वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं. पाय —

१३ ऑगस्ट

हॉस्टेल रिकामं. उद्धवराव गावी.

माझ्या खोलीत गादीला बसल्याचा खळगा. आरशाला काळ्या केसांचा गुंता. माझे केस पिकले आहेत. दोन वेळा म्हटलं, अक्का? खोलीत माणूस गप्प बसून आहे असं —

फोटो बदलला आहे. हसत नाही आता. वाट बघते आहे. रागात नाही. आम्ही शाळेला निघायचो आणि माझी चप्पल सापडत नसे, तेव्हा दारात उभी राहायची तशी.

मुदत परवा संपते.

१४ ऑगस्ट

आज भावाचा उपवास. आम्हाला भाऊ नव्हता. शेजारच्या पोरी चिडवायच्या. अक्का म्हणायची, मला नीला हाय की, मी तिचा उपास धरते. दिवसभर उपाशी राहायची आणि संध्याकाळी झोक्यावर मला पुढे बसवायची.

आज मी धरला. पाणीसुद्धा नाही.

तिने सोळा वर्षं ते नाव वापरलं. मी चोवीस. तिने त्याचं काहीतरी केलं असतं. मी काय केलं? जपून ठेवलं. कोणाला दिसू नये असं जपलं. तिला तीन आठवडे मिळाले तर पोरी तिच्या झाल्या.

तरी द्यावंसं वाटत नाही. खरं लिहिते. मला राहायचं आहे. ही खोली, लिंबाचं झाड, दुपारचा चहा — एवढंच हवं आहे. एवढंसुद्धा जास्त आहे का —

भीती वाटते. अक्काची नाही.

१५ ऑगस्ट, पंचमी

बाहेर भोंग्यावर गाणी. झेंडावंदन झालं असावं.

पान उघडलं. खूण करायची चौकट एकीकडे, अर्ज मागे घ्या दुसरीकडे. बोट चौकटीवर नेलं. अक्काने फोटोतून बघितलं असं नाही. फोटो फोटोच होता. पण हनुवटीची ती खूण दिसली आणि बोट —

मागे घ्या दाबलं.

अर्जदाराने खात्रीसाठी नाव लिहावे.

जगदेवी लिहिलं. नाव जुळत नाही.

मग लिहिलं. चोवीस वर्षांनी पहिल्यांदा. अक्षर चुकेल असं वाटत होतं. नीलाबाई.

नाव जुळले. नोंद सापडली. अर्ज निकाली काढण्यात आला आहे.

हिरवी पट्टी. त्यानंतर पान कोरं.

दुपार

वर गच्चीवर कोणीतरी आहे. बांगड्या वाजतात. नव्या असाव्यात, पंचमीच्या. चालणं हलकं. पोरीसारखं. खाली येते आहे. जिना — मग थांबलं — मग माझ्या खोलीचं दार.

आत गेली.

मी स्वयंपाकघरात आहे. इथूनच लिहिते.

वाटलं होतं, नाव परत केलं की एकदा तरी हाक मारेल. नीला म्हणेल. कान लावून बसले. आतून गाणं गुणगुणल्यासारखं — मग तेही नाही. तिला मी इथे आहे हे ठाऊक आहे का —

कोणी काही म्हणालं नाही.

उपवास सोडायला हवा. भात शिजवला. थोडासाच, एकीचा. ताक आहे. ताटात वाढून घेतलं, भिंतीला टेकून बसले. मीठ घालायचं राहिलं. बरणी वरच्या फळीवर आहे. उठून घेते आणि